क्षारपड परसात मासे आणि माठाची भाजी

मिरज तालुक्यातील आमच्या घरामागे सव्वा गुंठ्याचे परस आहे, पण त्यात गेल्या कित्येक वर्षांत तणाशिवाय फारसे काही उगवलेले नाही. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात वर्षानुवर्षे पाणी सोडले गेले, त्याला निचरा मिळाला नाही, जमिनीतले पाणी वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाळ्यात आमच्या परसावर मिठासारखा पांढरा थर दिसतो. कुंड्यांमध्ये भाजी लावून पाहिली, परंतु बोअरच्या जड पाण्याने कुंड्यांमधली मातीही दोन वर्षांत तशीच झाली. म्हणून मातीचा संबंधच नको, असा विचार करत करत मी ॲक्वापोनिक्सपर्यंत पोहोचले. माशांच्या टाकीतले पाणी खडीच्या वाफ्यात फिरवायचे, त्या पाण्यावर भाजी वाढवायची आणि तेच पाणी पुन्हा माशांकडे पाठवायचे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शेतीचे किंवा मत्स्यपालनाचे कोणतेही शिक्षण मी घेतलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये मी वहीच्या पहिल्या पानावर ‘खर्च : जास्तीत जास्त १२,००० रुपये’ असे लिहिले होते. त्या आकड्याचे पुढे काय झाले, ते ओघाने येईलच.

घरातली पहिली परवानगी सासूबाईंची. त्या माळकरी आहेत. मासे घरात येण्याला त्यांची हरकत नव्हती, पण एक अट होती: “पाळायचे असतील तर पाळ, पण माझ्या दारात मासा मारायचा नाही.” ही अट मी मान्य केली आणि मासे खाण्यासाठी नव्हेत, तर भाजीला खत पुरवण्यासाठी असतील, हे त्याच दिवशी ठरले. यामुळे पुढचे बरेच निर्णय सोपे झाले.

दुसरी चौकशी सरकारी होती. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्धी रजा काढून मी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात गेले. व्हिडिओंमध्ये सगळीकडे तिलापिया मासा दिसतो, म्हणून मी त्याविषयी विचारले. तेव्हा हा मासा परवानगीशिवाय पाळता येत नाही आणि परसातल्या एका टाकीसाठी त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, असे तेथील लिपिकांनी स्पष्ट सांगितले. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत माशांच्या युनिटसाठी ३ लाख रुपयांची आणि परसातील छोट्या पुनर्चक्रीकरण टाकीसाठी ५० हजार रुपयांची प्रकल्प किंमत त्या वेळी धरलेली होती, आणि त्यावर महिलांना ६० टक्के अनुदान मिळत होते, हेही मला तिथेच समजले. मात्र त्यासाठी जागेची कागदपत्रे, प्रकल्प अहवाल आणि आधी स्वतःचा पैसा घालण्याची तयारी हवी. माझी एक टाकी त्यांच्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नव्हती, त्यामुळे अनुदानाचा विचार मी सोडून दिला. ज्यांना व्यवसाय म्हणून हे करायचे आहे, त्यांनी मात्र एकही वस्तू विकत घेण्यापूर्वी या कार्यालयात जावे, असे मी सुचवीन, कारण खर्च करून झाल्यावर अर्ज करण्यात काही हशील नसते.

टाकीची खरेदी त्याआधीच, ४ फेब्रुवारीला झाली होती. कुपवाड एमआयडीसीच्या परिसरातील भंगार दुकानांमध्ये लोखंडी पिंजऱ्यातल्या १,००० लिटरच्या पांढऱ्या आयबीसी टाक्या जुन्या मिळतात. पहिल्या दुकानातली टाकी ३,५०० रुपयांना मिळत होती, पण तिच्यावरचे लेबल फाडलेले होते आणि झाकण उघडल्यावर उग्र वास आला, म्हणून मी ती सोडली. दुसरीवर ‘लिक्विड ग्लुकोज’ असे लेबल शाबूत होते. ती ४,५०० रुपयांना घेतली आणि टेम्पोचे ६०० रुपये वेगळे दिले. टाकीत पूर्वी काय होते हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता लेबलवर वाचावे आणि लेबल नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने ५०० रुपये घेऊन ग्राइंडरने टाकीचा वरचा एक फूट भाग पिंजऱ्यासह कापून दिला. हा कापलेला भाग उलटा केला की भाजीचा वाफा तयार होतो आणि खालचा भाग माशांची टाकी होते. तिच्यात मी सुमारे ६०० लिटर पाणी ठेवते. वाफा टाकीच्याच डोक्यावर ठेवण्याची पद्धत आहे, पण ३०० लिटरच्या वाफ्यात भिजलेली खडी अर्ध्या टनाच्या आसपास जाते, हे गणित केल्यावर मला ते धाडस झाले नाही. सिमेंटचे २४ ब्लॉक ९६० रुपयांना आणून मी वाफा शेजारी, टाकीच्या काठापेक्षा थोड्या उंचीवर ठेवला. टाकीवर ऊन पडले की पाण्यात शेवाळ माजते, त्यामुळे टाकीला बाहेरून आच्छादन हवे होते. ते काम कोणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सने फुकटात केले. अर्थात शुभेच्छुकांचे चेहरे आतल्या बाजूला आहेत.

खडीचा अनुभव मात्र आयुष्यभर लक्षात राहील. मातीचे भाजलेले हलके गोळे ऑनलाइन मिळतात, पण वाफा भरण्याइतके घेतले असते तर खडीवरच माझे सगळे अंदाजपत्रक संपले असते. आपल्याकडची काळी बेसाल्ट खडी या कामाला चालते. मला ११ घनफूट खडी हवी होती आणि एवढीशी खडी पाठवायला कोणताही विक्रेता तयार नव्हता, तेव्हा जवळच्या एका बांधकामावरची उरलेली वीस मिलिमीटरची खडी ७०० रुपयांत वाहतुकीसह मिळवली. घरी आणल्यावर मूठभर खडीवर व्हिनेगर ओतून पाहिले. काळ्या खड्यांवर काही झाले नाही, पण मधले पांढरट खडे फसफसले. ते चुनखडीचे असतात आणि हळूहळू विरघळून पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) चढता ठेवतात, म्हणून ते निवडून काढले. त्यानंतर धुणे. क्रशरची धूळ किती चिवट असते, याची मला कल्पना नव्हती. घमेल्यात खडी घ्यायची, पाणी ओतायचे, हलवायचे, सांडायचे. एक घमेले चार पाण्यांनीही स्वच्छ होत नव्हते. सलग तीन रविवार त्यात गेले आणि तिसऱ्या रविवारी मी हे सगळे भंगारात परत देण्याच्या विचारापर्यंत आले होते.

नळजोडणी आमच्या गावातल्या एका प्लंबरने केली. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. वाफ्यात पाणी ठरावीक उंचीपर्यंत भरावे आणि मग एकदम पूर्ण रिकामे व्हावे, म्हणजे मुळांना आणि जिवाणूंना पाणी व हवा दोन्ही आळीपाळीने मिळतात, यासाठी बेल सायफन लागतो. शाळेच्या पुस्तकातली वक्रनलिका ती हीच. मधे एक इंची उभा पाइप, त्यावर वरून बंद असलेला तीन इंची पाइप आणि खडी आत येऊ नये म्हणून सगळ्यात बाहेर छिद्रे पाडलेला चार इंची पाइप, अशी त्याची रचना असते. सगळे साहित्य आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. पहिल्या दिवशी सायफन सुरू झाला, पण थांबेचना. पाणी बारीक धारेने नुसते वाहत राहिले. प्लंबर म्हणाले, “बाई, येणारं पाणी जास्त होतंय, कॉक थोडा आवळा.” कॉक आवळला, तर सायफन सुरूच होईना. शेवटी खाली पाणी पडते त्या टोकाला दोन एल्बो लावल्यावर आणि कॉक अर्धा उघडा ठेवल्यावर तो जुळला, पण त्याला चार संध्याकाळ लागल्या. वाफा भरतो तेव्हा टाकीतले शंभर-सव्वाशे लिटर पाणी कमी होते, म्हणून टाकीची पातळी वाफा भरलेला असताना पाहावी, एवढी एक सूचना.

३ मार्चला पंप सुरू केला. बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२ भरला, म्हणून निम्म्याहून अधिक पाणी नळाचे वापरले. त्यातला क्लोरीन उडून जावा यासाठी ते दोन दिवस उघड्या पिंपात ठेवले होते. पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजणारा थेंबांचा संच ३,२०० रुपयांना पडला. इतका महाग संच घेताना हात आखडला होता, परंतु त्याच्याशिवाय मी सगळे अंधारातच केले असते.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो आणि तो माशांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते वनस्पतींचे अन्न आहे. हे जिवाणू खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून मासे सोडण्याआधी पाण्यात बाहेरून अमोनिया घालून त्यांना वाढवायचे असते. परदेशी मंडळी यासाठी युरिया सुचवतात. आमच्या घरात दिरांच्या द्राक्षबागेतला युरिया होताच, त्यातला मी चमचाभर घातला. अमोनिया दिसू लागला, पण नायट्राइटची चाचणी रोज निळीच, म्हणजे शून्यच, येत राहिली. दहा दिवसांनी मी आणखी युरिया घातला. याच काळात ३५० रुपयांचा कूलरचा पंप दिवसरात्र चालून २२ मार्चला जळला आणि मत्स्यालयाच्या दुकानातून १,४०० रुपयांचा २८ वॅटचा पंप आणावा लागला.

धुळवडीला, २५ मार्चला, धाकटे दीर तासगावहून आले होते. माझी वही पाहून त्यांनी विचारले, “वहिनी, युरिया कुठला टाकला?” मी पोते दाखवले. त्यावर ‘नीम कोटेड’ असे ठळक लिहिलेले होते. २०१५ पासून देशातला शेतीसाठीचा जवळजवळ सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकला जातो, आणि तो लेप कशासाठी असतो, तर जमिनीतले नेमके हेच जिवाणू मंदावून नत्र हळूहळू मिळावे यासाठी. जे जिवाणू वाढावेत म्हणून मी तीन आठवडे वाट पाहत होते, त्यांना आवरणारे औषधच मी त्यांना पाजत होते. तीन आठवडे वाया जाण्याला तेवढे एकच कारण असेल, असे मी म्हणणार नाही, कारण पाण्यात मुळात जिवाणूंचे विरजणही नव्हते. पण त्या संध्याकाळी मला हसावे की रडावे ते कळत नव्हते.

२८ मार्चला सगळे पाणी काढून नव्याने सुरुवात केली. अमोनियासाठी दिरांनीच उपाय सुचवला: नवसागर. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातल्या खड्यांच्या शुद्धतेची खात्री नव्हती, म्हणून सांगलीत शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून ५०० ग्रॅमची बाटली २८० रुपयांना आणली. ६०० लिटर पाण्याला ४ ग्रॅम नवसागर घातला की लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. एवढा पुरे असतो, त्याहून जास्त घालू नये. शिवाय शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या घरच्या जुन्या मत्स्यालयातल्या फिल्टरची घाणेरडी स्पंज मी मागून आणली आणि ती वाफ्याच्या खडीत पिळली. दुधाला विरजण लावावे, तसेच ते होते.

९ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या सकाळी, नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळा रंग दिसला. गुढी उभारण्याआधी मी ती नळी घरातल्या सगळ्यांना दाखवून आले, आणि कोणालाही त्यात आनंद मानण्यासारखे काही दिसले नाही. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी नवसागर, रोज चाचणी आणि वहीत नोंद असा क्रम चालला. २ मे रोजी संध्याकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य झाला होता आणि नायट्राइटही शून्य होते. वाफ्यात २० एप्रिललाच माठ, पुदिना आणि अळू लावले होते. उन्हाळ्यात पालक लावण्याचा मोह टाळला, ते बरे झाले. वरून १,१०० रुपयांची पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधली, तरी मे महिन्यात दुपारी पाणी ३३ अंशांपर्यंत जात होते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मी मासे पावसानंतरच आणायचे ठरवले आणि तोपर्यंत जिवाणूंना नवसागरावर जगवले.

९ जूनला, पहिले पाऊस झाल्यावर, एका खाजगी विक्रेत्याकडून सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाची ४० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) प्रत्येकी ५ रुपयांना आणली. सरकारी केंद्रांत मत्स्यबीज हजारांच्या हिशेबाने मिळते, तेवढ्याचे मी काय करणार होते! सायप्रिनस निवडण्याचे कारण एवढेच, की तो काटक असतो आणि चिमूटभर चूक माफ करतो. प्राणवायू भरलेली पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, मग थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घातले आणि मासे सोडले. ९०० रुपयांचा हवेचा पंप आदल्या दिवशी लावला होता. पहिल्या आठवड्यात तीन दगावले. तरंगत्या खाद्याचे पाच किलो ६०० रुपयांना मिळाले; पाच मिनिटांत संपेल तेवढेच द्यायचे, हा नियम मी आजही पाळते.

२ ऑगस्टच्या रात्री पावसात वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी साडेपाचला सासूबाईंनी हाक मारली तेव्हा मासे पाण्यावर तोंड काढून श्वास घेत होते आणि काही उलटे झाले होते. आम्ही दोघींनी तांब्यांनी पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा टाकीत ओतले. तास-दीड तासाने उरलेले मासे खाली गेले. नऊ मेले होते. सासूबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याने मला माझ्या कंजूषपणाची जास्त लाज वाटली, कारण बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेण्याचे मी जूनपासून पुढे ढकलत होते. तो ९५० रुपयांना त्याच आठवड्यात आणला. हा खर्च माशांच्या आधी करावा, नंतर नव्हे.

ऑगस्टअखेर माठाची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या. नायट्रेट भरपूर होते, कमतरता लोहाची होती. माशांच्या खाद्यातून ते पुरेसे मिळत नाही. आमच्या भागात द्राक्षांमुळे कृषी सेवा केंद्रात चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारे) लोह सहज मिळते. पीएच सातच्या वर असेल तर त्यातले ईडीडीएचए प्रकारचे मागावे. २६० रुपयांच्या पाकिटातले २० ग्रॅम मी बादलीत कालवून घातले, आणि टाकीचे पाणी कुंकू कालवल्यासारखे लाल झाले. ते तसेच होते आणि माशांना त्याने काही होत नाही, हे मला माहीत होते. घरातल्या इतरांना आधी सांगायला हवे होते.

पावसाळ्यात मी पन्हाळीचे पाणी टाकीत घेत होते. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि जिवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आम्ल होतेच, त्यामुळे गणपतीच्या सुमारास पीएच ६.२ वर आला आणि इतक्या महिन्यांत प्रथमच अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमवर दिसला. यावर तासगावच्या प्रत्येक बेदाणा शेडमध्ये असणारे पोटॅशियम कार्बोनेट उपयोगी पडले. रोज चमचाभर बादलीत विरघळवून, पीएच दिवसाला ०.२ पेक्षा जास्त चढणार नाही अशा बेताने घातले. त्यातून झाडांना पालाशही मिळाले. भाजीवर मावा ही कीड आली तेव्हा मात्र कोणतेही औषध वापरता आले नाही. निंबोळी तेलही माशांना बाधते. पाने धुऊन आणि फार किडलेली तोडून टाकूनच काम भागवले.

दिवाळीपर्यंतचा एकूण खर्च १८,३५० रुपये झाला, वीज सोडून. दोन्ही पंप मिळून ३५ वॅट घेतात, म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट. ऑक्टोबरपासून आठवड्याला पालकाच्या किंवा मेथीच्या दोन-तीन जुड्या निघतात, पुदिना तर वाटून संपत नाही. बाजारात दहा-पंधरा रुपयांना मिळणाऱ्या जुडीच्या भावाने हा पैसा कधी फिटेल, याचा हिशेब मी एकदा केला आणि ते पान वहीतून काढून टाकले.

डिसेंबरमध्ये पाणी १८ अंशांपर्यंत उतरले, मासे मंदावले, तेव्हा खाद्य निम्म्यावर आणले. जाळी बांधायच्या आधी एका माशाने टाकीबाहेर उडी मारली होती, म्हणजे उरले सत्तावीस. त्यांना आता जागा कमी पडू लागली होती आणि घरात मारायचे नाहीत ही अट कायम होती. ९ फेब्रुवारी २०२५ ला पुतण्या पिंप घेऊन आला आणि पंधरा मासे दिरांच्या शेततळ्यात सोडण्यासाठी घेऊन गेला. सासूबाई टाकीशी उभ्या राहून मोजत होत्या. “काकू, यातला एखादा आम्ही खाल्ला तर?” त्याने दबक्या आवाजात विचारले. मी सासूबाईंकडे पाहिले, त्या म्हणाल्या, “तुझ्या दारातलं मला काय विचारतोस.” टाकीत बारा राहिले आहेत, आणि एवढ्यांच्या खतावर किती वाफा चालतो, ते आता नायट्रेटच्या चाचणीवरून पाहायचे आहे.